झाकण तेवढं अस्सल

बँकेच्या काउंटरवर चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला खरं-खोटं शिकवायला जाऊ नये, असं माझं आपलं मत होतं. माझ्या बोटांना नोटेचा कागद कळतो. पाचशेच्या नोटांचं बंडल मोजताना मध्येच एखादी परकी नोट लागली, तर माझ्याआधी माझा अंगठा थबकतो. सही बघून मी सांगू शकतो की ती खातेदाराने केली आहे, खातेदाराच्या चिरंजीवांनी केली आहे, की चिरंजीवांनी केलेली बघून खातेदाराने आपली बदलली आहे. शनिशिंगणापूर आमच्याच जिल्ह्यातलं. घरांना दारं नसलेलं गाव. २०११ साली तिथं एका बँकेनं बिनकुलपाची शाखासुद्धा उघडली. पण माझी खात्री आहे, तिथला कॅशियरही नोट उजेडात धरूनच घेत असणार. देवावरचा विश्वास वेगळा आणि नोटेवरचा वेगळा.

असा मी, गेल्या पावसाळ्यात एका घड्याळाकडून फसलो.

त्याचं असं झालं. पंचेचाळिशी उलटली की माणसाला काहीतरी लागतं. कोणाला चष्मा लागतो, कोणाला अध्यात्म लागतं, कोणाला गोळ्या लागतात. मला चावीच्या घड्याळांचा नाद लागला. त्यातही एच. एम. टी.चा. ज्यांचं बालपण साठ ते नव्वदच्या दरम्यान गेलं त्यांना या तीन अक्षरांचं महत्त्व सांगायला नको. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळूरला ही घड्याळं व्हायला लागली आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं जावयाच्या मनगटाला दुसरं काही चालेना. मुलगी कशी आहे हे विहीण विचारायची, घड्याळ कुठलं आहे हे जावई विचारायचा. पुढे बॅटरीची घड्याळं आली, मग मोबाइल आले, आणि २०१६ साली सरकारनं एच. एम. टी.चा घड्याळांचा धंदा बंद करायचं ठरवलं. माणूस गेल्यावर थोर होतो तसंच घड्याळाचंही. कंपनी चालू असताना ज्या घड्याळाकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं, त्याला कंपनी बंद झाल्यावर भाव आला.

त्या भावात मी एक ‘पायलट’ घेतलं. काळी तबकडी, पांढरे ठसठशीत आकडे. विकणाऱ्यानं फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘शंभर टक्के ओरिजिनल.’ बँकेत कोणी येऊन ‘साहेब, ही नोट शंभर टक्के खरी आहे’ असं म्हणाला असता, तर मी ती दोनदा तपासली असती. इथं मी दोन हजार आठशे रुपये पाठवून मोकळा झालो.

घड्याळ आलं. चिरंजीव म्हणाले, “बाबा, याला चार्जर कुठं लावायचा?” सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, भिंतीवरचं दोनशे रुपयांचं बरोबर चालतंय की!” मी दोघांकडे दुर्लक्ष केलं. मोठ्या माणसांच्या छंदांना घरातून विरोध हा व्हायचाच.

पुढच्या रविवारी मी ते मनगटावर बांधून एस. टी.नं पुण्याला गेलो. पुण्यात एक जाणकार गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे जुनी घड्याळं पाहायला लोक लांबून येतात. त्यांनी माझं पायलट हातात घेतलं, डोळ्याला भिंग लावलं आणि पाच मिनिटं काही बोलले नाहीत. एक्स-रे उजेडात धरून डॉक्टर असा गप्प बसला की पेशंट मनातल्या मनात मृत्युपत्र करायला घेतो.

“तबकडी पुन्हा रंगवलेली आहे,” ते म्हणाले. “अक्षरांच्या कडा बघा, पसरल्यात. कारखान्याची छपाई भिंगाखाली स्वच्छ दिसते. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचत नाही, म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी घड्याळाचा. काट्यांवरचा चमकणारा रंग हिरवट आणि आकड्यांवरचा पांढरा, म्हणजे दोघांची ओळख अलीकडची. केस घासून घासून साबणाच्या वडीसारखी केली आहे. चावीचं बोंड जाड आहे.” मग त्यांनी घड्याळ उघडून मशीन अलगद उचललं. “तबकडीला मागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनमध्ये बसतात. तुमच्या तबकडीचे पाय कापलेत. चिकटवली आहे.”

“मग हे आहे तरी काय?” मी विचारलं.

“जनता आहे.”

जनता म्हणजे एच. एम. टी.चंच दुसरं घड्याळ, साधंसुधं, पांढऱ्या तबकडीचं. दोन्हींच्या आत मशीन एकाच जातीचं. सतरा ज्वेल्स, सेकंदाला पाच टिकटिक. त्यामुळे जनतेला पायलटचा वेष चढवणं सोपं. निवडणुकीच्या दिवसांत हे आपण उलट्या दिशेनंही पाहतो. “अशा घड्याळांना परदेशातले शौकीनसुद्धा ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात,” ते म्हणाले. मुंबईचं नाव जगभर झालेलं पाहून मराठी माणसाला आनंद व्हायला हवा होता. मला झाला नाही.

निरोप घेताना मी विचारलं, “तबकडीनं एवढा काय फरक पडतो हो?” त्यांनी सांगितलं की २०१७ साली न्यूयॉर्कला पॉल न्यूमन या नटाचं रोलेक्स लिलावात गेलं, एक कोटी सत्त्याहत्तर लाख डॉलरांना. तसल्या तबकडीच्या घड्याळांना त्या नटाच्याच नावानं ओळखतात आणि तबकडीमुळंच त्यांचा भाव चढतो. शिवाय या घड्याळाच्या पाठीवर त्याच्या बायकोनं ‘गाडी जपून चालव’ अशा अर्थाचा उपदेश कोरून घेतला होता. मला गंमत वाटली. बायकोच्या उपदेशाला एवढी किंमत येते हे माहीत असतं, तर आमच्या घरी आज दोन-तीन बंगले झाले असते.

परतीच्या गाडीत मी विचार करत बसलो. विचार करायला पुणे-नगर रस्त्यासारखी जागा नाही, वाहतूक तुंबली की हाताशी वेळच वेळ असतो. एखाद्या वस्तूतलं किती बदललं म्हणजे ती वस्तू ‘ती’ राहत नाही? मी कॉमर्सचा माणूस. आमच्याकडे फाटक्या नोटांचा नियम आहे. पन्नास रुपयांच्या किंवा त्याहून मोठ्या नोटेचा सर्वांत मोठा सलग तुकडा ऐंशी टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, चाळीस ते ऐंशीच्या दरम्यान असेल तर निम्मे, चाळीसच्या खाली काही नाही. हाच नियम मी घड्याळाला लावून पाहिला. मशीन खरं, केस घासलेली पण खरी, तबकडी खोटी, काटे परके, बोंड परकं. पण टक्के कसे काढायचे? वजनावर काढले तर घड्याळ पास होतं, क्षेत्रफळावर काढले तर नापास. कारण माणूस बघतो ती तबकडीच.

मग अकाउंटन्सी आठवली. दुरुस्ती केली तर महसुली खर्च, नवीन बसवलं तर भांडवली खर्च, असं आम्हाला शिकवलं होतं. पण काटा बदलणं ही दुरुस्ती की नवीन बसवणं? परीक्षेत असा प्रश्न आला की मी तो ऑप्शनला टाकायचो. आयुष्यात ती सोय नाही.

आणि ज्या एस. टी.त मी बसलो होतो तिचं काय? आमची मंडळी जुन्या चासीवर नवीन बॉडी बांधून गाडी पुन्हा रस्त्यावर आणतात. पत्रा नवा, बाकडी नवी, रंग नवा, पण आर. टी. ओ.चा माणूस चासी नंबर बघतो आणि म्हणतो, तीच गाडी. प्रवाशाला मात्र खिडकीची काच खडखडली की खात्री पटते, तीच गाडी.

थोरामोठ्यांनीही यावर डोकं शिणवलेलं आहे. मिलिंद राजाला नागसेन भिक्षूनं विचारलं होतं की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमकं काय, आस म्हणजे रथ, की चाकं म्हणजे रथ, की जू म्हणजे रथ? एकेक करून सगळ्याला ‘नाही’ म्हटल्यावर उरलं ते नुसतं नाव. तिकडे ग्रीकांनी थीसियसचं जहाज जपून ठेवलं होतं. कुजलेली फळी काढायची आणि नवी बसवायची, असं करत करत ‘हे तेच जहाज का’ यावर पंडितांची भांडणं लागली. पुढे सतराव्या शतकात हॉब्ज नावाच्या इंग्रजानं त्यात आणखी पाचर मारली. तो म्हणाला, काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून त्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर खरं कुठलं? हा हॉब्ज पुढे माझ्या घरात येणार आहे याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

आमच्या नगरला तर हा प्रश्न पाचवीला पुजलेला. शहराजवळच्या डोंगरावर जो चांदबिबीचा महाल म्हणून शाळेच्या सहली जातात, तो चांदबिबीचा नाही आणि महालही नाही, ती सलाबतखानाची कबर आहे. गावाचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, कंडक्टर अजून ‘नगर, नगर’ म्हणून ओरडतो, आणि दोन्ही पाट्यांच्या गाड्या त्याच स्टँडवर लागतात. नेवासंही आमच्याच जिल्ह्यातलं. ज्ञानेश्वरांनी १२९० साली तिथं ज्ञानेश्वरी सांगितली. पुढे नकलकारांच्या हातून तिच्यात इतके पाठ शिरले, की १५८४ साली एकनाथमहाराजांना जुन्या प्रती ताडून ती शुद्ध करावी लागली. आणि शेवटी त्यांनी बजावून ठेवलं की यात कोणी आपली ओवी घालू नये. खुद्द नाथांना ओव्या करता येत नव्हत्या असं थोडंच आहे! ज्याच्या हातात कसब आहे त्यानंच हात आवरला, हे मला फार मोठं वाटतं. माझ्या तबकडीच्या रंगाऱ्यानं नाथांचं चरित्र वाचायला हवं होतं.

इथपर्यंत सगळं नुसतं तत्त्वज्ञान होतं. सोमवारी त्याला व्यवहाराचं वळण लागलं.

आमच्या शाखेचे हेड कॅशियर माझ्या मनगटाकडे बघून म्हणाले, “काय राव, पायलट! आमच्या जावईबापूंना जुन्या घड्याळांचा शौक आहे. दिवाळसणाला द्यायचं म्हणतो. ओरिजिनल आहे ना? साडेतीन देतो.”

वाचकहो, आपण सगळे सज्जन आहोत. पण सज्जनपणाची परीक्षा कोणी सातशे रुपये नफा पुढ्यात ठेवल्याशिवाय होत नाही. मी ‘हो’ म्हणालो नाही. पण ‘नाही’सुद्धा म्हणालो नाही. मी म्हणालो, “बघू.” हा शब्द आम्ही बँकवाले कर्जाच्या अर्जावर वापरतो. त्याचा अर्थ ऐकणाऱ्यानं आपापल्या स्वभावाप्रमाणे घ्यायचा असतो.

त्या रात्री माझ्या मनानं बरीच कारणं गोळा केली. एक : मलाही ओरिजिनल म्हणूनच विकलं होतं. दोन : मशीन तर एच. एम. टी.चंच आहे. तीन : जावईबापूंना कळणार नाही. चार : कळलं तरी ते सासऱ्यांना सांगणार नाहीत. चौथं कारण मला स्वतःलाच इतकं पटलं की मी उठून पाणी प्यायलो.

शेवटी ठरवलं, एखाद्या कारागिराचं मत घ्यावं. चितळे रोडच्या बाजूला एका बोळात घड्याळवाले काका आहेत. वय ऐंशीच्या घरात. आमचे वडील, नाना, श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात काट्यावर क्लार्क होते. पण घड्याळ दुरुस्तीला टाकायचं तर ते नगरलाच, या काकांकडे. नानांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचं जनता माझ्याकडे असतं. मी ते रोज वापरत नाही, पण रोज चावी देतो. बरेच दिवस तेलपाणी झालं नव्हतं म्हणून तेही बरोबर घेतलं.

काकांना मी आधी पायलट दाखवलं आणि पुण्याच्या गृहस्थांचा निकाल सांगितला. ते चिडले.

“साहेब, हे शौकीन आत्ता आलेत. माझ्याकडे १९८० साली गिऱ्हाईक यायचं ते डाग पडलेली तबकडी घेऊन. ती तशीच परत दिली असती तर त्यानं पैसे दिले नसते. तबकडी नवी करून दिली की खूश होऊन जायचा. तेव्हा ते चांगलं काम होतं. आता म्हणे खोटं काम! अहो, पेशंट बरा करायचा का त्याचा रोग जपून ठेवायचा?” मग त्यांनी आपल्या दातांवर टिचकी मारली. “ही कवळी. हा गुडघा स्टीलचा, पाच वर्षं झाली. मग मला काय मुंबई स्पेशल म्हणणार?”

“नाही काका,” मी म्हणालो. “पण कवळी लावून तुम्ही वय तीस सांगितलंत आणि स्थळं बघायला निघालात, तर?”

काका इतके हसले की कवळी सावरावी लागली. “ते मात्र चारशे वीस,” म्हणाले.

मला वाटतं, माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथंच मिळालं. तबकडी तीच, रंग तोच, रंगवणारा हातही कदाचित तोच. मालकाला सांगून, घड्याळ चालावं, चांगलं दिसावं म्हणून बसवली तर ती दुरुस्ती. न सांगता, गिऱ्हाइकाला बनवायला बसवली तर ती फसवणूक. खोटेपणा तबकडीत नसतोच, तो मालकाच्या तोंडात असतो. बदल हा दोष नाही, लपवलेला बदल हा दोष. चोवीस वर्षं लेजर लिहिलेल्या माणसाला हे आधीच सुचायला हवं होतं. आमच्याकडे खाडाखोडीला बंदी नाही. चुकीच्या आकड्यावर रेघ मारा, बरोबर आकडा लिहा, शेजारी सही करा. खरवडून मात्र काढू नका.

हा सिद्धान्त मनात घोळवत मी खुशीत बसलो होतो. काकांनी नानांचं घड्याळ उघडलं. झाकणावर बाहेरून कोरलं होतं, ‘सप्रेम भेट, मे १९७५.’ माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, लग्नात दिलेलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं ओरखडलेले बारीक आकडे होते : ७९, ८४, ९१, ९७. “हे माझं अक्षर,” काका म्हणाले. “घड्याळ उघडलं की आम्ही साल खरडून ठेवतो.” मी मनात म्हटलं, बघा, हीच ती शेजारची सही. ९७च्या पुढे एक फुली होती. काकांनी त्या फुलीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, आणि भिंग डोळ्यावरून काढून खाली ठेवलं.

“तुम्हाला नाना बोलले नव्हते काय?”

“काय?”

“झाकण तेवढं नानांचं आहे. घड्याळ नानांचं नाही.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. १९९५ साली नाना त्यांच्याकडे आले आणि जनता विकायचं म्हणाले. फक्त झाकण काढून द्या, म्हणाले. काकांनी दुसरं झाकण बसवून घड्याळ ठेवून घेतलं आणि दोनशे रुपये दिले. पुढे ते एका ट्रक ड्रायव्हरनं नेलं. दोन वर्षांनी नाना पुन्हा आले, खिशात ते झाकण. तसंच जनता शोधा आणि हे बसवा, म्हणाले. काकांनी एक जुनं जनता शोधलं, झाकण बसवलं आणि हिशेबाला फुली मारून ठेवली.

“दोनशे रुपयांची एवढी काय नड होती त्यांना?” मी विचारलं.

“पोराला बॅटरीचं घड्याळ पाहिजे होतं म्हणाले. बारावी झाली होती त्याची.”

तो पोरगा दुकानातल्या स्टुलावर बसला होता, वय सत्तेचाळीस.

मला सगळं आठवलं. सोनेरी पट्ट्याचं, सहाशे रुपयांचं. चावीचं घड्याळ घालून मी कॉलेजला जाणार नाही, असं मी नानांना सांगितलं होतं. त्यांच्या मनगटाकडे बघून सांगितलं होतं. ते सोनेरी घड्याळ २००१ साली आतली बॅटरी पाझरून बंद पडलं आणि आता कुठल्या तरी खणात आहे. नानांचं घड्याळ ‘दुरुस्तीला’ गेलेलंही आठवलं. दोन वर्षं त्याचा एक पार्ट बंगळूरहून यायचा होता. त्या दोन वर्षांत नाना मलाच विचारायचे, “बघ रे, तुझ्या घड्याळात किती वाजले?” आणि मी मनगट झटकून, ऐटीत सांगायचो.

आता हॉब्जचं जहाज पाहा. नानांचं मूळ मशीन कदाचित आजही कुठल्या तरी ड्रायव्हरच्या मनगटावर, परक्या झाकणाखाली टिकटिकत असेल. आणि मी सहा वर्षं नानांची आठवण म्हणून कोणा अनोळखी माणसाच्या घड्याळाला चावी देत आलो. त्यातलं माझ्या नानांचं काय? पाठीचा एक पत्रा. पुण्याच्या गृहस्थांच्या लेखी हे ‘मुंबई स्पेशल’हून खालच्या दर्जाचं.

आणि माझ्या सिद्धान्ताचं काय? लपवलेला बदल हा दोष, असं मी दहा मिनिटांपूर्वी ठरवलं होतं. नानांनी तर बदल लपवलाच होता, आणि तोही आईपासून. मग नाना आणि तो फोटो पाठवणारा एकाच रांगेत बसवायचे? मन तयार होईना. घरी येता येता मी सिद्धान्ताला पुरवणी जोडली. खोटं कोणाच्या खात्यावर नावे पडलं ते पाहायचं. घड्याळ विकणाऱ्यानं खोटं सांगितलं, त्याचे दोन हजार आठशे माझ्या नावे पडले. नानांनी खोटं सांगितलं, ते त्यांच्या स्वतःच्या नावे पडलं. फसवलेल्याच्या खिशातून जातं ते खोटं वेगळं आणि फसवणाऱ्याच्या खिशातून जातं ते वेगळं. पुरवणी मला फार आवडली.

दुसऱ्या दिवशी हेड कॅशियरना मी सगळं सांगितलं. तबकडी, काटे, बोंड, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे कमी किती?” सौदा दीड हजारात झाला. बाकीचे तेराशे मी शिक्षणखाती खर्ची टाकले. जाताना म्हणाले, “हे सगळं कागदावर लिहून द्या.” मी लिहून दिलं : तबकडी नव्यानं रंगवलेली, काटे परके, मशीन जनता, वेळ बरोबर दाखवते. खाली सही आणि तारीख. दिवाळीनंतर कळलं की जावईबापूंना घड्याळ आवडलंच, पण तो कागद त्याहून आवडला. तो त्यांनी डबीत घडी करून ठेवला आहे. इतकं प्रामाणिक घड्याळ त्यांच्या संग्रहात दुसरं नाही म्हणे.

राहिली आई. तिला सांगावं की नाही, यावर मी आठवडाभर घोळत होतो. सांगितलं तर तिच्या वडिलांची भेट विकली गेली हे तिला कळणार. नाही सांगितलं तर लपवणाऱ्यांच्या रांगेत माझाही नंबर लागणार. शेवटी एका संध्याकाळी, ती गवार मोडत बसली होती तेव्हा, मी घड्याळ घेऊन तिच्याजवळ बसलो आणि सगळं सांगून टाकलं.

ती गवार मोडतच राहिली.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली.

“तुला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? माझ्या वडलांनी दिलेलं घड्याळ रोज पाच मिनिटं पुढं जायचं. त्यामुळं यांची सातची गाडी कधी चुकली नाही. दुरुस्त होऊन आलं ते मागं पडायला लागलं. पहिल्याच आठवड्यात दोनदा गाडी चुकली. म्हटलं, झाकण तेच आहे, पण आतलं पाव्हणं दिसतंय.”

“मग बोलली का नाहीस?”

“ते बोलले का?”

मी तिला माझी पुरवणी ऐकवली. नानांचं खोटं त्यांच्याच नावे पडलं, इतरांना तोशीस लागली नाही, वगैरे. आईनं पहिल्यांदा मान वर केली.

“कोणाला नाही लागली? दोन वर्षं मला वाटायचं, यांनी घड्याळ कुठं पत्त्यात घातलं का काय. रात्री कारखान्यातून उशीर झाला की पोटात गोळा यायचा. ते कोणाच्या नावे टाकलंस?”

मी गप्प बसलो. तो आकडा माझ्या हिशेबात नव्हताच. चोवीस वर्षं बँकेत काढून मला हे ठाऊक असायला हवं होतं, की एकाच्या नावे काही पडलं म्हणजे दुसरीकडे कुठंतरी त्याची नोंद झालेली असतेच.

“सांगितलं असतं तर मी काय मारलं असतं त्यांना?” आई पुन्हा गवारीकडे वळली. “पोरासाठी विकलं म्हणाले असते तर मीच झाकण काढून ठेवलं असतं.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “आण इकडं.”

तिनं घड्याळ कानाला लावलं. मी म्हणालो, “चार मिनिटं मागं आहे, बरोबर करू का?”

“राहू दे,” ती म्हणाली. “त्याची तीच खूण आहे.” आणि पदरानं झाकण पुसून तिनं ते माझ्या हातात परत दिलं. “चावी दिलीस का आज?”

दिली नव्हती. दिली.